रस्त्यावर बळी तो कान पिळी?

2026 सालच्या जानेवारीत, 19 तारखेपासून 23 तारखेपर्यंत, पुणे शहराने व जिल्ह्याने जे दृश्य पाहिले ते पूर्वी कधी पाहिले नव्हते. 'पुणे ग्रँड टूर' या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी देशोदेशींचे सायकलपटू येथे आले. त्यांच्या वाटेतील खड्डे बुजविण्यात आले, चारशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग सज्ज करण्यात आला, आणि एरव्ही सायकलीस कडेला चेपीत पुढे धावणाऱ्या मोटारी सायकलीसाठी मुकाट्याने उभ्या राहिल्या. या सोहळ्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. परंतु पाहुणे परत गेल्यावर, सहाव्या दिवशी सकाळी, डब्याची पिशवी हँडलला अडकवून कामावर निघालेल्या कामगाराने एक प्रश्न विचारला तर त्याला काय उत्तर द्यावयाचे? शर्यतीच्या सायकलीसाठी पाच दिवसांपुरते जे होऊ शकले, ते पोटासाठी चालणाऱ्या सायकलीकरिता वर्षाच्या उरलेल्या तीनशे साठ दिवसांत का होऊ नये?

पैसा नाही, जागा नाही आणि लोक ऐकत नाहीत, या तीन सबबी आजवर सायकलस्वाराच्या तोंडावर फेकल्या गेल्या. त्या तिन्ही सबबी जानेवारीत निकालात निघाल्या. मनात आणले म्हणजे पैसा निघतो, जागा निघते आणि लोकही ऐकतात. उणीव आहे ती मनात आणण्याची.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, ही गोष्ट आता कौतुकाने सांगण्यापुरती उरली आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना, सरकारी कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्या वेळा झाल्या की रस्ते सायकलींनी भरून जात. त्या काळच्या सायकलस्वाराला सुखच सुख होते असे मात्र कोणी समजू नये. त्याला नगरपालिकेचा कर भरून बिल्ला घ्यावा लागे, रात्री दिवा लावावा लागे, आणि 'डबलसीट' सापडला तर शिपायाची समजूत घालता घालता पुरेवाट होई. परंतु या साऱ्या जाचात एक मान्यता दडलेली होती. सायकल हे वाहन आहे, तिच्यावर बसलेला मनुष्य रस्त्याचा हक्काचा धनी आहे, आणि म्हणूनच त्याला कर्तव्येही आहेत, असे शहर मानीत होते. पुढे बिल्ला गेला, कर गेला, आणि त्यांच्याबरोबर सायकलस्वार शहराच्या हिशेबातूनही गेला. 1972 मध्ये लूना आली, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावण्याचे दिवस संपले, पुढे मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. 2018 साली पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर जाऊन तिने शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकले. यात कोणाचा गुन्हा नाही. ज्याला शक्य झाले त्याने पायांचे कष्ट वाचविले. पण ज्याला ते शक्य झाले नाही, त्याचा रस्ताही काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आज या दोघांमध्ये रस्त्यारस्त्यावर जे वैर दिसते त्याचा विचार न्यायबुद्धीने केला पाहिजे. मोटारचालकाची तक्रार अशी की, सायकलस्वार विरुद्ध दिशेने येतो, सिग्नल जुमानीत नाही, अंधारात दिव्यावाचून चालतो, आणि अकस्मात आडवा येतो. रविवारी पहाटे हौशी मंडळींचे तांडे तीन-तीन, चार-चारांच्या रांगा करून गप्पा मारीत जातात व मागचा भोंगा ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात, हीही तक्रार खोटी नव्हे. सायकलस्वाराचे गाऱ्हाणे असे की, मोटार त्याला खेटून जाते, डावीकडे वळताना त्याच्या पुढ्यातच आडवी घुसते, उभी असली तर मागे न पाहता तिचे दार उघडते, आणि रिकामा रस्ता समोर असतानाही भोंग्याचा मारा चालू राहतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. परंतु दोन्ही बाजू खऱ्या असल्या म्हणून त्या समान होत नाहीत, आणि या प्रश्नाची चर्चा नेमकी येथेच वाट चुकते. 'चूक दोघांचीही आहे' असे म्हणून हात झटकणे हे निःपक्षपातीपणाचे लक्षण नसून ते विचाराच्या आळसाचे लक्षण आहे.

कारण चुकीची शिक्षा दोघांना सारखी मिळत नाही. सायकलस्वार चुकला तर मोटारीला ओरखडा पडतो. मोटारचालक चुकला तर सायकलस्वाराच्या घरी रडारड होते. हजार-बाराशे किलो वजनाचे लोखंड ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने चाललेले असते आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, एक माणूस दोन चाकांवर तोल सांभाळीत असतो. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असलेले गणित आहे. 2022 साली देशात रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत 32,825 पादचारी होते आणि सायकलस्वारांची संख्या चार हजारांहून अधिक होती. सायकलीने धडक दिल्यामुळे मोटारीत बसलेली किती माणसे दगावली, याचा वेगळा तक्ता करण्याची गरज कोणाला पडत नाही. यावरूनच या 'दोन पक्षां'मधील समानता काय दर्जाची आहे ते दिसून येईल.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रस्त्यावरील जबाबदारी ही अंगच्या बळाच्या प्रमाणात असली पाहिजे. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याने अधिक जपले पाहिजे: ट्रकने मोटारीला, मोटारीने स्कूटरला, स्कूटरने सायकलीला, आणि सायकलीने पायी चालणाऱ्याला. हे तत्त्व कोणाच्या कल्पनेतून निघालेले नाही. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत 29 जानेवारी 2022 पासून याच क्रमवारीला स्थान देण्यात आले असून, सायकलीला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडावे असे तेथे सांगितले आहे. आपल्याकडील 2017 च्या वाहनचालनविषयक नियमांतही पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेसाठी चालकाने विशेष काळजी घ्यावी असे म्हटले आहे. कागदावर हे तत्त्व आहेच. रस्त्यावर मात्र नेमका उलटा क्रम चालतो. तेथे ट्रकला मोटार भिते, मोटारीला स्कूटर भिते, स्कूटरला सायकल भिते आणि पादचारी सर्वांनाच भितो. बळी तो कान पिळी, हाच आमच्या रस्त्यांचा खरा कायदा होऊन बसला आहे.

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांची उत्तरे दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, मोटारवाला कर भरतो, सायकलवाला भरत नाही. मग रस्ता कोणाचा? वस्तुस्थिती अशी आहे की मोटारीवरील कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि शहरातील गल्लीबोळ व हमरस्ते महापालिका ज्या निधीतून बांधते त्यात प्रत्येक नागरिकाच्या मिळकतकराचा वाटा असतो. भाडेकरू तो भाड्यातून भरतो, घरमालक थेट भरतो. शिवाय रस्ता झिजतो तो अवजड वाहनांमुळे. सायकलीने डांबर उखडल्याचे अद्याप कोणी पाहिलेले नाही. एका मोटारीला उभी राहण्यास जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली राहतात. हिशेबच करावयाचा झाला तर सायकलस्वार हा शहराचा ऋणको नसून धनको आहे.

दुसरा आक्षेप वेगाचा. मोटारी सावकाश चालविल्या तर शहराचे व्यवहार थंडावतील अशी भीती घातली जाते. शहरात दोन सिग्नलांमध्ये अर्धा किलोमीटर अंतर आहे असे धरू. ताशी 50 किलोमीटरने ते 36 सेकंदांत, आणि ताशी 30 ने 60 सेकंदांत तुटते. वाचले ते 24 सेकंद, आणि तेही पुढच्या चौकातील लाल दिव्याखाली खर्ची पडतात! मात्र या दोन वेगांतील फरक धडक बसलेल्या माणसाला जगणे आणि मरणे यांमधील फरक ठरू शकतो. म्हणूनच 2020 च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे भरलेल्या मंत्र्यांच्या जागतिक परिषदेने, जेथे माणसे आणि मोटारी एकत्र वावरतात तेथे ताशी 30 किलोमीटर ही मर्यादा असावी, असे घोषित केले. पेठांतील रस्ते आणि शाळांची आवारे यांना हे वर्णन जितके लागू पडते तितके दुसऱ्या कोणत्या जागेला लागू पडेल?

तिसरा आक्षेप असा की, सायकल आता राहिली आहे कोणाजवळ? 2011 च्या जनगणनेत शेतीखेरीज अन्य कामे करणारे लोक कामावर कसे जातात याची नोंद झाली, तेव्हा देशात अडीच कोटींहून अधिक माणसे सायकलने जात असल्याचे दिसून आले. ती माणसे अदृश्य नाहीत. आपली नजर त्यांच्यावर ठरत नाही इतकेच. रात्रपाळीचा पहारेकरी, बांधकामावरील गवंडी, दूधवाला, इस्त्रीवाला, आणि शिकवणीस जाणारी शाळकरी मुलगी ही सारी त्यांत आहेत. आमच्या पुष्कळ वाचकांच्या दारी हा अंक पहाटेच्या अंधारात टाकून गेलेला मुलगाही बहुधा सायकलवरूनच आला असेल. तो सुखरूप घरी पोचला की नाही याची चौकशी आपण कधी करीत नाही. अंक उशिरा आला तर मात्र लगेच करतो.

कोलकात्याने वेगळा मार्ग पत्करून पाहिला. 2013 साली तेथील पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलींना बंदी केली. मोटारींच्या वाटेतील अडथळा दूर करण्याचा तो सोपा उपाय होता. परंतु त्या अडथळ्याला पोट होते. दूधवाले, वर्तमानपत्रवाले, कारागीर यांच्या उपजीविकेवर घाला आला, ओरड झाली, आणि बंदीच्या रस्त्यांची यादी आखूड करावी लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आपल्याकडे उघड झालेला नाही. येथे बंदी हुकूम न काढताच ती अमलात येत आहे. एकेक उड्डाणपूल, एकेक रुंदीकरण आणि एकेक एकेरी मार्ग यांच्या रूपाने सायकलस्वाराला सांगितले जात आहे की बाबा, तू येथे नको आहेस. एकेरी मार्गाचेच पाहा. मोटारींच्या सोयीसाठी आखलेल्या त्या वळशाचा भुर्दंड मोटारवाल्याला पेट्रोलच्या चार थेंबांत पडतो, सायकलस्वाराला तो पायांनी भरावा लागतो. मग तो विरुद्ध दिशेने निघाला की आपण त्याच्या बेशिस्तीवर प्रवचन झोडतो! त्याची बेशिस्त आम्हांस मान्य नाही. परंतु ती निर्माण करणाऱ्या आखणीलाही कोणी जाब विचारावयास नको काय?

खरे भांडण मोटारवाला आणि सायकलवाला यांचे नव्हेच. एकाच ताटात दोघांना वाढून, ताट एकालाही पुरणार नाही अशी व्यवस्था करणारा वाढपी तिसराच आहे. पुण्यापुरते बोलावयाचे तर 2006 साली सातारा रस्ता व सोलापूर रस्ता येथे जलद बसमार्गाचा प्रयोग सुरू झाला, त्याबरोबर सायकलमार्गही आले. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ आणि त्यांजवळचा सायकलमार्ग यांचे कौतुकही झाले. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखड्यांची उणीव या शहराला कधीच नव्हती. उणीव आहे ती अखंड, निर्वेध अशा मार्गाची. आमचे सायकलमार्ग पाहावेत: मध्येच झाड, मध्येच विजेची पेटी, पुढे हातगाडी, त्यापुढे ओळीने लावलेल्या स्कूटरी, आणि वाहतूक तुंबली की त्याच मार्गातून धावणाऱ्या मोटारसायकली! या सर्व दिव्यांतून जो पार पडेल त्याला मार्ग चौकाच्या तोंडाशी आणून सोडतो आणि तेथेच अंतर्धान पावतो. म्हणजे जेथे धोका सर्वांत अधिक, तेथे संरक्षण शून्य. अशा मार्गाने सायकलस्वाराचे हित तर होतच नाही. उलट 'तुझ्यासाठी मार्ग केला आहे ना, मग रस्त्यावर कशाला येतोस?' असे दरडावण्याची सोय मात्र मोटारवाल्याला होते.

हे असेच चालावयाचे, असे दैवाने काही लिहून ठेवलेले नाही. आज सायकलींचा देश म्हणून मिरविणाऱ्या हॉलंडातही महायुद्धानंतर मोटारींसाठी रस्ते रुंद झाले आणि सायकलमार्ग बुजविले गेले. 1971 साली त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबापांनी 'बालहत्या थांबवा' अशी हाक देऊन रस्ते अडविले. 1973 च्या तेलटंचाईने राज्यकर्त्यांचेही डोळे उघडले, आणि पुढील दशकांत त्या देशाने आपले रस्ते अक्षरशः पुन्हा बांधले. मोटार व सायकल यांची टक्कर झाली तर नुकसानभरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर, असा कायदाही तेथे आहे. आज तेथील रस्त्यांवर वर्षाकाठी होणारे मृत्यू सातशेच्या आसपास आहेत. डच माणूस जन्मतः आपल्याहून शहाणा नाही. त्याच्या आईबापांनी शहाणपणाचा आग्रह धरला, एवढाच फरक.

आपल्याकडेही कायद्याची हत्यारे आहेत. ती गंजत पडली आहेत. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दोन महत्त्वाची कलमे आली. 138 व्या कलमात भर घालून पादचारी व सायकली यांच्या रस्त्यावरील वावरासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला. तसेच कलम 198 अ अन्वये, रस्त्याची आखणी वा बांधणी ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू ओढवला किंवा कोणी जायबंदी झाले, तर संबंधित अधिकारी व कंत्राटदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. राज्यांनी नियम करावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या ऑक्टोबरात सहा महिन्यांची मुदत घालून बजावले. नियम करताना सायकलींवर बंधने कोणती घालावीत एवढाच विचार झाला तर तो कायद्याचा विपर्यास ठरेल. सायकलस्वाराचे रस्त्यावरील स्थान निश्चित करणे, हा त्या नियमांचा आत्मा असला पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. पेठांत, शाळांच्या परिसरात व वसाहतींच्या रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा लागू करावी, आणि ती नुसत्या पाटीने नव्हे तर रस्त्याच्या बांधणीनेच पाळली जाईल असे करावे. नव्या सायकलमार्गांच्या घोषणा करण्यापूर्वी आहेत त्यांतील दहा किलोमीटर तरी सलग, निर्वेध आणि चौकातूनही सुरक्षित करून दाखवावेत. कोणत्याही रस्त्याचे वा पुलाचे काम मंजूर करण्यापूर्वी तेथून किती माणसे पायी व सायकलने जातात याची मोजणी व्हावी आणि ती प्रसिद्ध व्हावी, कारण जो मोजला जात नाही तो आराखड्यात येत नाही. सायकल ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा नियम व्हावा, आणि वाहन परवाना देताना त्याची परीक्षा घेतली जावी. सायकलस्वाराचा मृत्यू झाला म्हणजे चालकाच्या जबानीबरोबर रस्त्याचीही तपासणी व्हावी, आणि दोष रस्त्याचा निघाल्यास तो आखणाऱ्याला जाब द्यावा लागावा.

सायकलस्वारांनाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. हक्क मागणाऱ्याने आपले वर्तन असे ठेवावे की नाकारणाऱ्याला निमित्त सापडू नये. रात्री पुढे दिवा व मागे लाल परावर्तक असावा. सिग्नलचा लाल दिवा सायकललाही लालच असतो. वळण्यापूर्वी हात दाखवावा. आणि पदपथावर चढून पायी जाणाऱ्या म्हाताऱ्याला दचकविणारा सायकलस्वार हा त्या म्हाताऱ्यापुरता मोटारवालाच होय, हे विसरू नये. लाख-दीड लाखाच्या सायकलवर बसणाऱ्या हौशी मंडळींवर तर विशेष जबाबदारी आहे. त्यांना सभा भरविता येतात, अर्ज लिहिता येतात, अधिकाऱ्यांची दारे ठोठावता येतात. तो आवाज त्यांनी केवळ आपल्या रविवारच्या फेरीसाठी न वापरता, ज्याला सायकलवाचून दुसरे वाहनच नाही त्याच्यासाठी वापरावा.

आणि मोटारीत बसणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील वा आजोबा याच रस्त्यांवरून सायकलने नोकरीस गेले. त्यांच्या त्या कष्टांतूनच आजच्या मोटारीचे चाक फिरू लागले आहे. समोर सायकल दिसली की भोंग्याकडे जाणारा हात क्षणभर आवरावा, वेग थोडा उतरवावा, आणि अंतर सोडून जावे. याला उपकार म्हणत नाहीत. याला नागरिकत्व म्हणतात. शहर सुसंस्कृत आहे की नाही हे त्याच्या सभागृहांत व ग्रंथालयांत जेवढे कळते त्याहून अधिक त्याच्या चौकात कळते, जेथे बलवान दुर्बलासाठी थांबतो किंवा थांबत नाही. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या या नगरीची परीक्षा दररोज सकाळी नऊ वाजता तिच्या प्रत्येक चौकात होत आहे. त्या परीक्षेत आपण आज नापास आहोत. उत्तीर्ण होण्यास काय करावे लागेल हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते करण्यापूर्वी आणखी किती कामगारांचे डबे रस्त्यावर सांडावे लागणार, एवढेच आता महापालिकेने आणि राज्य सरकारने सांगावे.